क्लिअर लेकहून निघा, पण डॅलसला नको

प्रश्न थोडक्यात असा. घर ह्यूस्टनच्या आग्नेयेला, क्लिअर लेकमध्ये. वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरले आहे आणि चार-पाच दिवसांत टेक्सासच्या किनाऱ्याला लागेल असा अंदाज आहे. घरात नवरा-बायको, चार वर्षांची मुलगी आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे. सासूबाई इन्सुलिनवर, सासऱ्यांना रक्तदाबाच्या गोळ्या. दीर-जाऊ ह्यूस्टनच्या पश्चिमेच्या केटी या उपनगरात राहतात. त्यांचे म्हणणे, दोन्ही घरांच्या मिळून तीन गाड्या काढू आणि डॅलसला मित्राकडे जाऊ. कधी निघावे, पेट्रोल किती लागेल, २००५ सारखे रस्त्यात अडकू नये म्हणून काय करावे?

आधी उत्तर. तुम्ही निघाच, पण डॅलसला नको, केटीला. दीरांनी घर सोडायचे नाही, तुमच्यासाठी गाद्या घालून ठेवायच्या.

हरिकेनमध्ये माणसे जास्त करून पाण्याने मरतात, वाऱ्याने त्यामानाने कमी. म्हणून इथले आपत्ती-व्यवस्थापनवाले एकच गोष्ट घोकून घेतात: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. क्लिअर लेक गॅल्व्हेस्टनच्या खाडीला लागून आहे. वादळ समुद्राचे पाणी पुढे ढकलत आणते, बातम्यांत ज्याला सर्ज म्हणतात ते उधाण, आणि ते खाडीतून थेट तुमच्या गल्लीपर्यंत येऊ शकते. केटी किनाऱ्यापासून बरेच आत आहे, तिथे हे उधाण पोहोचत नाही. तुमच्या घरापासून ते पन्नासेक मैल. डॅलस २४० मैलांहून जास्त. त्या जादा मैलांत तुमची सुरक्षितता वाढत नाही, धोका मात्र वाढतो, कारण तो सगळा वेळ सासू-सासरे रस्त्यावर असतात.

'कॅटेगरी दोनच आहे, थांबू या' असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. एक ते पाच ही कॅटेगरी वाऱ्याच्या वेगाची असते, पाण्याची नसते. सप्टेंबर २००८ मधले आइक वादळ किनाऱ्याला लागले तेव्हा कॅटेगरी दोनच होते, आणि त्याने गॅल्व्हेस्टनजवळच्या बोलिव्हर द्वीपकल्पावरची घरे खांबांसकट धुऊन नेली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाणी वाऱ्याच्या कितीतरी आधी आले. आइक १३ सप्टेंबरच्या पहाटे दोनच्या सुमारास गॅल्व्हेस्टनला लागले, पण बोलिव्हरवरून बाहेर पडायचा एकमेव रस्ता, हायवे ८७, आदल्या दिवशी सकाळीच पाण्याखाली गेला होता. 'दुपारी जेवून निघू' म्हणणाऱ्यांना हेलिकॉप्टरने काढावे लागले.

डॅलसला का नको, हे कळायला २००५ चे रिटा वादळ समजून घ्यावे लागते. त्याआधीचे कॅट्रिना वादळ २९ ऑगस्ट २००५ ला न्यू ऑर्लिन्सजवळ लागले. छपरांवर अडकलेल्या माणसांची दृश्ये अजून टीव्हीवर होती, तोवर तीन आठवड्यांत रिटा आखातात कॅटेगरी पाचपर्यंत पोहोचली. ह्यूस्टनच्या परिसरातून पंचवीस लाखांहून अधिक लोक एकाच वेळी बाहेर पडले. यांतल्या लाखोंना कोणी निघायला सांगितलेच नव्हते. ते केटी, सायप्रेस, वूडलँड्ससारख्या भागांतले, म्हणजे नेमके तुमच्या दिरांसारखे लोक. ते आधीच महामार्गाजवळ राहत असल्याने आधी रस्त्यावर आले, आणि ज्यांना खरोखर निघायला हवे होते ते गॅल्व्हेस्टनवाले त्यांच्या मागे अडकले. डॅलसचा चार तासांचा प्रवास चोवीस तासांवर गेला. उष्णता ३८ अंशांच्या आसपास. पेट्रोल वाचवायला लोकांनी एसी बंद केले आणि म्हातारी माणसे गाडीत बसल्या जागी उष्माघाताने गेली. डॅलसच्या अलीकडे विल्मरजवळ वृद्धाश्रमाच्या एका बसला आग लागून २३ जण मेले. मागच्या चाकाच्या बेअरिंगला पुरेसे वंगण नव्हते, चाक तापून पेटले, आणि आत रुग्णांचे ऑक्सिजनचे सिलिंडर होते. या पलायनात एकूण शंभराहून अधिक बळी गेले. रिटा शेवटी पूर्वेला वळून २४ सप्टेंबरला टेक्सास-लुइझियानाच्या सीमेवर लागली. बहुतेक ह्यूस्टन कोरडेच राहिले.

हे व्यवस्थापनाचे अपयश होतेच, पण मुळात गणितच बसत नाही. महामार्गाची एक लेन सुरळीत वाहत असली तर तासाला साधारण दोन हजार गाड्या नेते. एकदा गर्दी तुंबली की हाच आकडा दीड हजारांवर किंवा त्याखाली येतो. बाहेर जाणाऱ्या ढोबळ पंधरा लेन धरल्या तर तासाला बावीस-तेवीस हजार गाड्या. दहा लाख गाड्या काढायला चव्वेचाळीस तास लागतात, तेही अपघात, बंद पडलेली गाडी, पंपावरची रांग हे काही न धरता. म्हणूनच २०१७ मध्ये हार्वे वादळाच्या वेळी महापौर सिल्व्हेस्टर टर्नर यांनी अख्ख्या शहराला बाहेर काढायला नकार दिला. त्यावर टीका खूप झाली, पण पुराच्या पावसात लाखो गाड्या रस्त्यावर असत्या तर काय झाले असते याचा विचार टीकाकारांनी केला नव्हता.

रिटानंतर परिसराचे झिपकोडप्रमाणे (इथला पिनकोड) पट्टे पाडले गेले: कोस्टल, ए, बी, सी. आधी किनाऱ्यावरचे निघतात, मग ए, मग बी, मग सी. तुमच्या झिपकोडचा पट्टा कोणता ते आजच नकाशावर पाहून फ्रिजवर लिहून ठेवा. केटी या पट्ट्यांत नाही.

मात्र दिरांच्या घराची एक चौकशी करायची, आणि ती आजच करायची. केटीला समुद्र येत नाही, पण पाऊस येतो. केटीच्या पूर्वेला बार्करचा बंधारा आहे. हार्वेत त्याच्या मागे पाणी फुगत गेले आणि सिंको रँचच्या बाजूची कितीतरी घरे, जी बांधलीच होती जलाशयाच्या बुडीत जागेत, बुडाली. पुराचा नकाशा पाहायचाच, पण त्याआधी शेजाऱ्याला विचारा: २०१७ ला घरात पाणी आले होते का? आवारात? गल्लीतून गाडी निघत होती का? घरात आले असेल तर केटी बाद, मग ब्रेनहॅम, कॉलेज स्टेशन किंवा ऑस्टिनच्या बाजूला हॉटेल घ्या. तेही दोनशे मैलांच्या आत आहे आणि डॅलसला जाणाऱ्या आय-४५ महामार्गावर नाही. घर पक्के असेल, वर मोठ्या झाडाची फांदी झुकलेली नसेल आणि बिनखिडकीची एखादी आतली खोली असेल तर तेच ठिकाण उत्तम.

आता वेळ. टीव्हीवरचा पांढरा शंकू बघून ठरवू नका. तो फक्त वादळाचा मध्य कुठे जाऊ शकतो ते सांगतो, वादळ केवढे पसरले आहे ते नाही, आणि तीनांतून एकदा मध्यही शंकूबाहेर जातो. नॅशनल हरिकेन सेंटरचा दुसरा एक नकाशा असतो: ताशी ३९ मैलांचे वारे कुठे कधी पोहोचतील याचा. त्याच्या दोन आवृत्त्या असतात, 'सर्वाधिक शक्य' आणि 'लवकरात लवकर'. तुम्ही 'लवकरात लवकर'वाली धरा. तुमच्या पत्त्यावर जी वेळ दिसेल ती तुमची शून्य वेळ. त्या वाऱ्यात उंच गाड्या पुलांवर हेलकावतात, पोलीस रस्त्यावरून आत जातात आणि पुढे कोणी मदतीला येत नाही. सेंटरचे सूचनापत्रक ह्यूस्टनच्या वेळेने पहाटे ४, सकाळी १०, दुपारी ४ आणि रात्री १० ला निघते. दर तासाला फोन चाळण्यापेक्षा या चार वेळा पाहा, मधल्या वेळात कामे उरका.

शून्य वेळेच्या साधारण ४८ तास आधी हरिकेन वॉच (वादळ येऊ शकते) लागतो, ३६ तास आधी वॉर्निंग (वादळ येणार असे धरा). वॉर्निंग किंवा अधिकृत आदेश निघाला की दोन-तीन तासांत रस्ते भरू लागतात. म्हणून वॉच लागला की सामान गाडीत, आणि लगेच येणाऱ्या पहाटे तीन-साडेतीनला गाडी रस्त्यावर. रात्री जेवून निघायचा मोह होतो, पण तोच विचार शेजारचे दहा जण करत असतात. पहाटे तीनला उठायचा विचार कमी लोक करतात. शिवाय ऊन नसते, त्यामुळे एसीवर आणि म्हाताऱ्या माणसांवर ताण कमी. पाच दिवसांनी वादळ दुसरीकडे वळले तर? मग सासू-सासरे दोन दिवस धाकट्या मुलाकडे राहून आले, एवढेच नुकसान. डॅलसच्या बेतात हे नुकसान इतके स्वस्त नसते, म्हणूनच लोक निघायचे शेवटपर्यंत टाळतात.

पेट्रोलचा हिशेब. मध्यम गाडी एसी लावून जागेवर उभी राहिली तर तासाला ढोबळ अर्धा गॅलन पिते, मोठी एसयूव्ही त्याहून जास्त. मोकळ्या रस्त्याने डॅलसला आठ गॅलन पुरतात. रिटासारख्या चोवीस तासांच्या रांगेत बारा गॅलन नुसते उभे राहण्यात जातात, वर चालायला लागतात ते वेगळे. टाकी चौदा गॅलनची. म्हणजे भरलेल्या टाकीनिशी निघालेला माणूसही डॅलसच्या अलीकडे कोरडा पडतो, आणि वाटेतले पंप तोवर रिकामे झालेले असतात. तीच गाडी केटीला ताशी दहा मैलांनी सरकत गेली तरी पाच तास, फार तर साडेचार-पाच गॅलन. पोहोचल्यावर अर्ध्याहून अधिक टाकी शिल्लक. जादा कॅन न्यायची गरजच पडत नाही, आणि ते बरेच, कारण बंद गाडीत माणसांसोबत पेट्रोलचा कॅन म्हणजे वाफा आणि आगीला आमंत्रण. टाकी आज भरा. हंगामभर, जून ते नोव्हेंबर, ती अर्ध्याखाली जाऊच देऊ नये.

गाडीची एकच तपासणी करायला वेळ असेल तर ही करा. सावलीत उभी करून एसी पूर्ण लावा आणि पंचवीस-तीस मिनिटे इंजिन चालू ठेवा. धावत्या गाडीचे रेडिएटर वाऱ्याने थंड होते, उभ्या गाडीचे फक्त पंख्याने. पंखा किंवा त्याचा रिले गेलेला असेल तर रोजच्या फ्रीवेवर ते वर्षभर कळत नाही आणि रांगेत अर्ध्या तासात कळते. बॉनेटजवळ कान लावा, पंखा सुरू-बंद होताना ऐकू आला पाहिजे आणि तापमानाचा काटा मधोमध स्थिर राहिला पाहिजे. कूलंटची पातळी इंजिन गार असताना बाटलीवरच्या खुणेशी जुळवा. रस्त्यात काटा चढू लागलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण, खिडक्या उघड्या. हीटर इंजिनची उष्णता बाहेर खेचतो. तरीही उतरला नाही तर कडेला घेऊन बंद करा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. स्टेपनीची हवा बघायला सगळेच विसरतात. छोटी स्टेपनी असेल तर तिच्यात सहसा ६० पीएसआय लागतात, चार टायरांइतके नाही. आकडा तिच्यावरच छापलेला असतो.

एकच गाडी न्या. तीन गाड्या म्हणजे रस्त्यावर तिप्पट जागा, तिप्पट पेट्रोल, आणि एक मागे पडली की सगळे थांबणार. दुसरी गाडी घरासमोर ठेवू नका. ऑफिसच्या किंवा इस्पितळाच्या बहुमजली पार्किंगमध्ये परवानगी घेऊन तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर लावा. खाऱ्या पाण्यात बुडालेली गाडी दुरुस्त होत नाही, भंगारात जाते. इलेक्ट्रिक असेल तर घराजवळ अजिबात नको. २०२२ च्या इयन वादळानंतर फ्लोरिडात खारे पाणी शिरलेल्या बॅटऱ्या नंतर पेटल्या होत्या. विमा वाढवायचा विचार आता करू नका: वादळ आखातात शिरले की कंपन्या नवे कव्हर देणे थांबवतात, आणि सरकारी पूरविम्याला तर तीस दिवसांची प्रतीक्षा असते.

सासूबाईंच्या इन्सुलिनबद्दल जरा थांबून वाचा, कारण इथे खरी चूक होते. भारतातून आणलेली कुपी बहुधा ४० युनिट प्रति मिलीलिटरची असते, अमेरिकेत मिळणारी १००ची. सिरिंजही त्या-त्या मापाच्या असतात, भारतातली लाल टोपणाची, इथली नारिंगी. ४०च्या सिरिंजमध्ये १००चे इन्सुलिन भरले तर अडीचपट डोस जातो आणि साखर धोकादायक खाली येते. उलट केले तर डोस अर्ध्याहूनही कमी. म्हणून भारतातल्या कुपीसोबत भारतातल्याच सिरिंज, पुरतील तेवढ्या, एकाच पिशवीत. इथले इन्सुलिन घ्यायची वेळ आली तर इथल्याच सिरिंज, आणि डोस फार्मासिस्टकडून तपासून. पेन असेल तर हा घोळ नाही. वापरात असलेले इन्सुलिन खोलीच्या तापमानाला बहुतेक प्रकारांत २८ दिवस टिकते, पण बंद गाडीचे तापमान खोलीचे नसते. कूलरमध्ये बर्फाच्या बाटल्यांवर जाड टॉवेल, टॉवेलवर डबी. बर्फाला चिकटून गोठले तर ते फुकट जाते.

गोळ्यांची यादी इंग्रजीत, मूळ औषधाच्या नावाने लिहा. ग्लायकोमेट इथे कोणाला कळणार नाही, मेटफॉर्मिन कळेल. पॅरासिटामॉलला इथे असिटामिनोफेन म्हणतात. दोन आठवड्यांचा साठा जवळ हवा. सासऱ्यांची गोळी लघवी वाढवणारी असेल तर ते रांगेत शौचालय नाही म्हणून पाणी पिणे बंद करतात, आणि उष्माघाताची सुरुवात तिथूनच होते. गोळी कधी घ्यावी हे डॉक्टरांना आज फोनवर विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. घट्ट झाकणाची बादली, आत दुहेरी पिशवी, तळाला मांजरांसाठी मिळणारी वाळू आणि आडोशाला एक जुनी साडी एवढे गाडीत असू द्या. लाज वाटते, पण सहाव्या तासाला हीच बादली सगळ्यांना पाणी प्यायला लावते. पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, तीन दिवसांचे. काही बाटल्या आधीच गोठवल्या तर कूलरचा बर्फही तोच. खायला दशम्या, कोरडी चटणी, शेंगदाणे-गूळ, चिवडा. दहीभात नको, उष्म्यात आंबतो. सासूबाईंच्या हाताशी ग्लुकोजची बिस्किटे, डिकीत नव्हे.

कागद: पासपोर्ट, व्हिसाच्या मंजुरीचा कागद आय-७९७, सासू-सासऱ्यांचा प्रवासी विमा, घराचा आणि गाडीचा विमा, तुमच्या पत्त्याचे वीजबिल, सगळे प्लास्टिकच्या बंद पिशवीत. रोख रक्कम एक-पाच-वीसच्या नोटांत, कारण वीज गेली की कार्डाचे यंत्रही गेले. घर सोडताना फ्रीजरमध्ये पेलाभर पाणी गोठवून वर एक नाणे ठेवा. परत आल्यावर नाणे तळाशी दिसले तर मधे सगळे वितळून पुन्हा गोठले आहे, अन्न फेका.

रस्ता: आय-४५ ने बेल्टवे ८ हा शहराभोवतीचा रिंगरोड, तिथून पश्चिमेला वळून आय-१०, मग केटी. शहराच्या मध्यातून जाऊ नका. फोनवरचा नकाशा गर्दी टाळायला सगळ्यांना त्याच गल्ल्यांत घालतो, आणि त्या सखल असतात. टेक्सासचा कागदी नकाशा गाडीत ठेवा. आय-१० किंवा हायवे २९० च्या कडेच्या पट्टीवर, म्हणजे शोल्डरवर, निळ्या गोलात पांढरे वादळाचे चिन्ह दिसेल. तो शोल्डर अधिकृतपणे उघडला तरच त्यावरून जायचे, एरवी तो रुग्णवाहिकेचा रस्ता आहे. शहराकडे येणाऱ्या लेन उलट्या फिरवून बाहेर जायला वापरतात तो कॉन्ट्राफ्लो ऐकायला झकास वाटतो. पण त्यात एकदा शिरलात की बहुतेक एक्झिट बंद, पाट्या पाठमोऱ्या, आणि शेवटी सगळ्या लेन जिथे पुन्हा एकत्र येतात तिथे नवी कोंडी. घरात मधुमेही माणूस असताना नेहमीच्या उजव्या लेनमध्ये राहा, हवे तेव्हा बाहेर पडता येते. रस्त्यावर वाहते पाणी दिसले तर गाडी घालू नका: फूटभर पाणी छोटी गाडी उचलते, दोन फूट बहुतेक गाड्या वाहून नेते. फोन लागत नसेल तर मेसेज करा. पुण्याला आणि सगळ्या नातेवाइकांना कळवायचे काम दुसऱ्या राज्यातल्या एकाच माणसाकडे द्या.

गाडी नसलेले किंवा स्वतः न हलू शकणारे कोणी ओळखीत असेल तर त्यांना २११ या मदत क्रमांकावर फोन करून नाव नोंदवायला सांगा, आज, वादळाच्या आदल्या रात्री नाही.

केटीला तुम्ही वाचलात तरी वीज जाऊ शकते. जुलै २०२४ मधले बेरिल वादळ कॅटेगरी एकचे होते, तरी ह्यूस्टन भागात बावीस लाखांवर ग्राहकांची वीज गेली आणि कित्येकांकडे आठवडाभर आली नाही, तेही भर उन्हाळ्यात. त्यासाठी सॅन अँटोनिओला रद्द करता येईल असे हॉटेल आत्ताच बुक करा, वादळानंतरच्या दुसऱ्या दिवसापासून. वारा उतरला, आय-१० मोकळा असल्याची खात्री झाली की सासू-सासऱ्यांना तिकडे न्या. हा प्रवास रिकाम्या रस्त्याने होतो, आणि दोन्ही घरे जाणार असाल तर तेव्हा खुशाल दोन गाड्या काढा. जनरेटर असेल तर घरापासून वीस फूट दूर, गॅरेजमध्ये कधीही नाही, दार उघडे ठेवूनही नाही. त्याच्या धुरात वास नसलेला विषारी वायू असतो.

क्लिअर लेकला परतायची घाई नको. प्रशासन भाग टप्प्याटप्प्याने उघडते आणि नाक्यावर पत्ता विचारतात, तिथे ते वीजबिल कामी येते. बंद पडलेला सिग्नल म्हणजे चारही बाजूंनी थांबा, आधी आला तो आधी जाणार. आणि परतताना टायरला लावायचा छोटा पंप आणि पंक्चरचे सामान बरोबर असू द्या, कारण उडालेल्या छपरांचे खिळे पुढचे कित्येक आठवडे रस्त्यावर सापडत राहतात.